नायकांशिवाय जिंकणारे संघ

आजवरचा सर्वांत थोर संघ कोणता, हा वाद घालण्यात अमेरिकन लोकांचा हात धरणारे कुणी नाही. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमधील संघांच्या क्रमवाऱ्या दरवर्षी लागतात आणि दरवर्षी मोडतात. या याद्यांत १९७२ चा मायामी डॉल्फिन्स बहुधा वरच असतो, कारण त्या हंगामात तो सतरा सामने खेळला आणि सतराही जिंकला. २००७ साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सनेही ओळीने अठरा सामने जिंकले, पण एकोणिसावा, म्हणजे अंतिम सामना, न्यूयॉर्क जायंट्सकडून १४-१७ असा गमावला. डॉल्फिन्सवरचा आक्षेप ठरलेला आहे: त्या वर्षी त्यांच्या वाट्याला आलेले प्रतिस्पर्धी लेचेपेचे होते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण या भांडणात एक गोष्ट मागे पडते. संघाची प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी पाचव्याच सामन्यात जायबंदी झाला आणि त्याच्या जागी अर्ल मॉरल हा अडतीस वर्षांचा राखीव खेळाडू उतरला. पुढचे नऊ साखळी सामने त्यानेच खेळवले आणि संघ एकही हरला नाही. डॉल्फिन्सचे थोरपण सतराच्या आकड्यापेक्षा या नऊ सामन्यांत जास्त दिसते, आणि संघांची क्रमवारी लावायचीच असेल तर कसोटी तिथूनच उचलावी.

एरवी वापरल्या जाणाऱ्या दोन्ही पद्धती लंगड्या आहेत. पहिली म्हणजे करंडक मोजणे. मोजायला ती सोपी, पण स्पर्धेचे स्वरूप बदलले की करंडकाची किंमत बदलते. तीन सामने जिंकून मिळालेला आणि दहा सामने खेळून मिळालेला करंडक कपाटात सारखाच दिसतो. दुसरी पद्धत म्हणजे १९६० चा संघ २०२० च्या संघासमोर उभा केला तर कोण जिंकेल, अशी कल्पना लढवणे. खेळपट्ट्या, बॅटी, आहार, व्यायाम, नियम सगळेच निराळे असताना या प्रश्नाला उत्तर नसते, फक्त आवडनिवड असते. तिसरा प्रश्न जास्त प्रामाणिक आहे. ज्यांच्या नावावर संघ ओळखला जातो ते खेळाडू नसताना तो काय करतो? कारण एका पिढीत पाच गुणी खेळाडू एकत्र येणे हा योगही असू शकतो. ते गेल्यावर दुसरे पाच उभे राहिले तर मात्र त्यामागे काहीतरी व्यवस्था आहे असे म्हणावे लागते. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत १९३० च्या दशकात विनोबा भावे यांनी केवळ कातकामाच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला, तेव्हा एखाद्या दिवशी सूत किती तलम निघाले हा त्यांचा प्रश्न नव्हता. रोजच्या कामावर माणूस रोज उभा राहू शकतो का, हा होता. संघांनाही हेच माप लावले पाहिजे.

आपल्याकडे असे माप लावण्याजोगी सर्वांत जुनी नोंद रणजी करंडकाची आहे. १९३४-३५ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत खेळाडू कुणाच्या पगारावर खेळतो याचा इतिहासही लपलेला आहे. संस्थानी काळात तो महाराजांच्या चाकरीत असे. पुढे मुंबईत तो बँकेच्या किंवा कंपनीच्या हजेरीपटावर आला. आज त्याला क्रिकेट मंडळाचे सामन्यागणिक मानधन मिळते. पोसणारा हात बदलला की संघाचे आयुष्यही बदलते, हे पुढे दिसेलच. या स्पर्धेतील चार संघांची क्रमवारी इथे लावायची आहे: १९५८ ते १९७३ ची मुंबई, १९४५ ते १९५५ चा होळकर संघ, कर्नाटक, आणि २०१७ पासूनचा विदर्भ. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. पहिली मुंबई, दुसरा विदर्भ, तिसरे कर्नाटक, चौथा होळकर. पहिल्या नावावर फारसे कुणी भांडणार नाही. दुसऱ्यावर भांडण होईल, आणि ते व्हायलाही हवे.

मुंबईपासूनच सुरुवात करू, कारण तिचा पहिला नंबर बहुतेक लोक चुकीच्या कारणासाठी मान्य करतात. १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग पंधरा हंगाम मुंबईने रणजी करंडक जिंकला. हा आकडा समोर आला की वाद थांबतो, पण थांबू नये. त्या काळी विभागवार साखळी होती. पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र एवढ्यांना मागे टाकले की पुढे दोन-तीन बाद सामने उरत, आणि सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागे. धावांचा डोंगर रचायचा आणि आघाडी घेऊन बसायचे, हे मुंबईच्या फलंदाजांना साधलेले होते. म्हणजे पंधरा हा आकडा आजच्या पंधराएवढा नाही, हा आक्षेप खरा आहे. समोरचे संघ दुबळे होते, हे मात्र खरे नाही. १९६०-६१ ते १९६९-७० या दहा वर्षांत राजस्थानने मुंबईविरुद्ध सात अंतिम सामने गमावले. त्या संघात सलीम दुराणी आणि हनुमंत सिंग होते, आणि मूळचे मुंबईचे विजय मांजरेकरही. असा संघ सात वेळा अंतिम फेरीत येतो आणि सातही वेळा रिकाम्या हाताने परततो, तेव्हा जिंकणाऱ्याचे वजन कळते.

तरीही मुंबईला पहिला नंबर मिळतो तो १९७०-७१ च्या एका हंगामामुळे. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, अशोक मंकड, एकनाथ सोलकर हे सगळे तेव्हा भारतीय संघासोबत वेस्ट इंडिजमध्ये होते. त्या मालिकेत गावसकरांनी ७७४ आणि सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या. म्हणजे मुंबईच्या फलंदाजीचा कणाच बेटांवर खेळत होता. इकडे सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या खेळाडूंनी अंतिम सामन्यात महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवून करंडक राखला. अनिर्णित सामन्यातील आघाडीवर नव्हे, निर्विवाद विजयाने. दोन वर्षांनी मद्रासला तमिळनाडूविरुद्धच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या स्वतःच्या धावा झाल्या १५१ आणि ११३. समोरच्यांना तिने ८० आणि ६१ धावांत गुंडाळले. पद्माकर शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच गडी बाद केले. या गोलंदाजाला भारतासाठी एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. ज्या संघाचा कसोटी न खेळलेला गोलंदाज अंतिम सामन्यात ३४ धावांत तेरा बळी घेतो, त्याचे मोठेपण कसोटीवीरांच्या यादीवर अवलंबून नसते. दादर-माटुंग्याची मैदाने, कांगा लीग, कार्यालयांच्या टाइम्स शील्डमधील चुरस यांतून तिथे अकराच्या मागे दुसरे अकरा आणि त्यांच्यामागे तिसरे अकरा सतत तयार असत. १९७४ मध्ये बंगळूरला कर्नाटकाने पहिल्या डावातील आघाडीवर ही मालिका तोडली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईने करंडक परत आणला.

होळकर संघ कागदावर मुंबईच्या सर्वांत जवळ जातो. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत तो दहा वेळा अंतिम फेरीत होता आणि चार वेळा जिंकला. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध त्याने ८ बाद ९१२ धावा केल्या आणि त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके ठोकली. त्याआधीच्या वर्षी मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात एकूण २,०७८ धावा निघाल्या. विजय मर्चंट यांनी मुंबईकडून २७८ केल्या. होळकरकडून मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके केली, आणि युद्धकाळात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला. तरी होळकर हरले. हा संघ उभा करणारे कर्नल सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. १८९५ साली तिथे जन्मलेला हा माणूस १९२० च्या दशकात तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेला. संस्थानाने त्याला सैन्यात हुद्दा दिला, घर दिले आणि खेळायला मोकळे ठेवले. त्याचे धाकटे भाऊ सी. एस. नायडूही पुढे त्याच संघात आले. डावखुरे हिरालाल गायकवाड नागपूरचे, चंदू सरवटे जुन्या मध्य प्रांतातील सागरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. पहिल्याच रणजी हंगामात मध्य प्रांत व वऱ्हाडचा संघ मैदानात होता, पण त्याच्याकडे ना राजा होता ना कारखाना. खेळाडू नागपूरला घडायचा आणि इंदूरला नांदायचा.

होळकरचा कस लागला तो नायडू थकल्यावर आणि संस्थान गेल्यावर. १९५२-५३ मध्ये चौथे विजेतेपद आले, १९५४-५५ चा अंतिम सामना मद्रासने जिंकला, आणि पुढच्या हंगामात होळकर हे नावच स्पर्धेतून गेले. आधी मध्य भारत, मग मध्य प्रदेश असा संघ झाला आणि त्याला रणजी करंडक मिळाला तो थेट २०२१-२२ मध्ये. संस्थाने विलीन झाली यात संघाचा काय दोष, असे कुणी म्हणेल. दोष नाहीच. पण ज्या संघाचा प्राण एका दरबारात आणि एका कर्णधारात होता, त्याच्यापाशी दोन्ही गेल्यावर उभे राहण्याचे साधन नव्हते, एवढे म्हणणे भाग आहे. आणि दहा अंतिम सामन्यांपैकी सहा हरणे हेही क्रमवारीत मोजावे लागते. त्या काळात स्पर्धा निव्वळ बाद पद्धतीची असल्याने दोन-तीन विजयांत अंतिम फेरी गाठता येई. प्रेक्षणीयतेचा नंबर लावायचा असता तर होळकर पहिला आला असता. टिकण्याच्या कसोटीवर तो चौथा येतो.

आता विदर्भ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर राजकीय विदर्भ मुंबई राज्यात आला, पण क्रिकेटमध्ये तो वेगळाच राहिला. १९५७-५८ पासून विदर्भ संघ रणजीत उतरला आणि त्याची सोय मध्य विभागात झाली. म्हणूनच आजही एका महाराष्ट्र राज्याचे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. त्यातील विदर्भाच्या वाट्याला साठ वर्षे जवळजवळ काहीच आले नाही. राजस्थान, रेल्वे, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश यांच्या मांदियाळीत तो गुण देणारा संघ म्हणून धरला जाई. गुणी खेळाडूची नोकरी आणि ओळख दुसरीकडे असे, आणि कसोटी संघाची वाट तर नागपुरातून जातच नव्हती. खाणकामगाराचा मुलगा असलेला उमेश यादव २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध उतरला, तेव्हा विदर्भाकडून खेळून कसोटीपटू झालेला तो पहिलाच. नालवाडीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी आणि मग शहर यायच्या आधीच जामठा लागते. तिथल्या मैदानावर २००८ पासून कसोटी सामने होतात. पण मैदान बांधले म्हणून संघ होत नाही. पैसा आणि मैदान आल्यानंतर निवासी अकादमी, वयोगटांचे संघ, जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले शोधणे हे काम वर्षानुवर्षे चालले. वर्ध्यात जन्मलेला दर्शन नळकांडे, अकोल्याचा आदित्य ठाकरे ही नावे त्या कामातून पुढे आली. नागपूरच्या चार क्लबांबाहेर संघ पोहोचल्याची खूण इथे सापडते.

२०१७-१८ मध्ये या सगळ्याचे फळ दिसले. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात विदर्भाचा पहिला डाव १८५ वर आटोपला आणि कर्नाटकाने ३०१ धावा केल्या. ११६ धावांची पिछाडी असल्याने अनिर्णित सामना म्हणजे पराभवच. सामना निकाली जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या आणि कर्नाटकापुढे १९८ चे लक्ष्य ठेवले. शेवटच्या सकाळी कर्नाटकाचे सात गडी बाद होते आणि ८७ धावा हव्या होत्या. श्रेयस गोपाल एका टोकाला चिकटून राहिला, अभिमन्यू मिथुनने फटकेबाजी केली आणि अंतर एकेक धावेने कमी होत गेले. रजनीश गुरबानी हा अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मध्यमगती गोलंदाज मारा करत राहिला. त्याने ६८ धावांत सात बळी घेतले, सामन्यात बारा, आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. गुरबानीने ओळीने तीन त्रिफळे उडवून हॅटट्रिक साधली, आणि त्यातला तिसरा होता १४५ धावा करून बसलेला ध्रुव शोरी. रणजीच्या अंतिम सामन्यातील ही दुसरी हॅटट्रिक. पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, १९७३ च्या ज्या सामन्यात शिवलकरांनी तेरा बळी घेतले त्याच सामन्यातली. यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३ धावांच्या जोरावर विदर्भाने ५४७ केल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून करंडक घेतला. मैदानाचे नाव होळकर स्टेडियम. नागपूरचे खेळाडू ज्या शहराने सांभाळले, तिथेच नागपूरने स्वतःच्या नावावर पहिला करंडक उचलला.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो: हा संघ घरचा होता कुठे? प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, सलामीवीर फैज फजलनंतरचा भरवशाचा फलंदाज वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकाचा. होळकरांनी जे केले तेच विदर्भाने केले, मग एकाला चौथा नंबर आणि दुसऱ्याला दुसरा का? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की बाहेरचा माणूस कशासाठी आणला, हे पाहावे लागते. विदर्भाचे दोन्ही निर्णायक सामने गोलंदाजांनी जिंकले, आणि ते गोलंदाज घरचे होते. पुढच्या हंगामात वायनाडला केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात उमेश यादवने ७९ धावांत बारा बळी घेतले. जामठ्याला सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात डावखुऱ्या आदित्य सरवटेने अकरा गडी बाद केले. ऑस्ट्रेलियात ५२१ धावा करून नुकताच परतलेला चेतेश्वर पुजारा त्या सामन्यात १ आणि ० वर सरवटेकडेच बाद झाला. जाफर, पंडित यांनी अनुभव दिला, पण संघ त्यांच्याभोवती बांधलेला नव्हता. आणि याचा खरा पुरावा पुढच्या सहा वर्षांत मिळाला. जाफर निवृत्त झाला, फजल थांबला, पंडित मध्य प्रदेशात गेले आणि तिथेही करंडक जिंकून दिला. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला, सरवटे केरळकडे. दोन करंडक जिंकून देणारी जवळजवळ सगळी ठळक नावे निघून गेली. होळकरांच्या बाबतीत इथेच शेवट झाला होता.

विदर्भाचा झाला नाही. २०२३-२४ मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत आला. वानखेडेवर मुंबईने ५३८ चे लक्ष्य दिले, वाडकरने शतक केले, संघ ३६८ पर्यंत गेला आणि १६९ धावांनी हरला. पुढच्या हंगामात साखळीतील सातपैकी सहा सामने त्याने जिंकले आणि उपांत्य फेरीत तीच मुंबई जामठ्याला आली. अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे, शार्दुल ठाकूर संघात होते. पार्थ रेखाडे या नवख्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे या तिघांना तंबूत पाठवले. सूर्यकुमार आणि दुबे यांना भोपळाही फोडता आला नाही. दुसऱ्या डावात यश राठोडने १५१ केल्या आणि विदर्भ ८० धावांनी जिंकला. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशा पडझडीनंतर पहिल्याच हंगामातील दानिश मालेवारने १५३ केल्या. केरळच्या डावात नळकांडे, रेखाडे आणि हर्ष दुबे यांनी तीन-तीन बळी घेतले. केरळकडून ७९ धावा करून सर्वाधिक अडवणूक करणाऱ्यांत होता आदित्य सरवटे, २०१९ च्या विजयाचा शिल्पकार. विदर्भाने ३७ धावांची आघाडी घेतली आणि तिच्या जोरावर करंडक घेतला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातील हा विक्रम. २०२०-२१ मध्ये स्पर्धाच झाली नाही. २०१७-१८ ते २०२४-२५ मधल्या उरलेल्या सात हंगामांत चार अंतिम सामने आणि तीन करंडक, तेही मधल्या काळात बहुतेक संघ बदललेला असताना.

दुसरा आक्षेप कर्नाटकाचा, आणि तो सर्वांत जड आहे. कर्नाटकाने १९९५-९६, १९९७-९८ आणि १९९८-९९ असे चार वर्षांत तीन करंडक जिंकले. राहुल द्रविड, अनिल कुंबळे, जवागल श्रीनाथ, व्यंकटेश प्रसाद ज्या संघाचे, त्याला विदर्भाच्या खाली कसे ठेवायचे? पुढे २०१३-१४ आणि २०१४-१५ या दोन हंगामांत तर कर्नाटकाने रणजी, इराणी आणि विजय हजारे असे तिन्ही करंडक दोन्ही वर्षे घेतले. २०१५ च्या अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध करुण नायरने ३२८ धावा केल्या. शिखराची उंची मोजायची असेल तर ही दोन वर्षे मुंबईनंतर दुसरी येतील, हे मान्य करायला हरकत नाही. एका खेळपट्टीवर दोन संघ उभे केले तर १९९० च्या दशकातील कर्नाटकावर पैसे लावणारेच जास्त निघतील, हेही मान्य. पण पहिल्या कसोटीवर परत येऊ. १९९९ नंतर कर्नाटकाला पुढचा करंडक २०१४ मध्ये मिळाला आणि २०१५ नंतर २०२५ पर्यंत तो अंतिम फेरीतही पोहोचला नाही. २०१७ मध्ये ईडनला त्याला अडवणारा संघ होता विदर्भच. शिवाय कर्नाटकाकडे आधीच परंपरा होती, १९७४ पासून करंडक होते, कसोटीवीरांची रांग होती. विदर्भाने तळातून सुरुवात केली. एका संघाने वाडा राखला, दुसऱ्याने पाया खणून भिंती उभारल्या असे म्हटले तर कर्नाटकावर अन्याय होईल, पण फरक त्याच जातीचा आहे. आणि गंमत अशी की तोच करुण नायर २०२५ च्या अंतिम सामन्यात विदर्भाकडून ८६ आणि १३५ धावा करत होता, आणि ज्याचा त्रिफळा उडवून गुरबानीने हॅटट्रिक पूर्ण केली तो ध्रुव शोरीही त्या हंगामात विदर्भाचाच होता. पूर्वी खेळाडू नागपूरहून जात. आता येतात.

तिसरा आक्षेप असा की आजची रणजी पूर्वीसारखी राहिली नाही. भारताचे मुख्य खेळाडू वर्षभर दौऱ्यावर किंवा आयपीएलच्या तयारीत असतात, ३८ संघांत गुणवत्ता पातळ झाली आहे, आणि २०२५ चे तिन्ही बाद सामने विदर्भाने घरच्या खेळपट्टीवर खेळले. शेवटचा भाग खरा आहे, म्हणून २०२५ चे वजन थोडे कमी धरावे. पण २०१७-१८ चे उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम सामने अनुक्रमे सुरत, कोलकाता आणि इंदूर अशा तटस्थ मैदानांवर झाले आणि त्या हंगामात विदर्भ एकही सामना हरला नाही. मुख्य खेळाडू नसतात हा मुद्दा तर या क्रमवारीत उलटा लागू पडतो. ज्या संघाला आपले नायक क्वचितच मिळतात तो दुसऱ्या फळीवर जिंकतो, आणि दुसरी फळी हीच इथे कसोटी आहे. मुंबईला १९७१ मध्ये जे एका हंगामात करावे लागले ते आज प्रत्येक संघाला दरवर्षी करावे लागते. संघ वाढल्याने गुणवत्ता पातळ झाली हे थोडेफार मान्य केले तरी करंडकाचा रस्ता लांबला आहे. १९६० च्या दशकात एका हंगामात चार साखळी आणि दोन-तीन बाद सामने खेळावे लागत. २०२४-२५ मध्ये विदर्भ दहा सामने खेळला, आठ जिंकला आणि दोन अनिर्णित ठेवले.

या यादीत देवधरांच्या महाराष्ट्राला जागा नाही, याची रुखरुख पुण्याच्या वाचकाला लागेल. १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोन करंडक त्या संघाने जिंकले, तेही कर्णधार देवधर जवळपास पन्नाशीला टेकलेले असताना. पण त्यानंतर तो संघ पुन्हा कधीच विजेता झाला नाही, आणि ही कसोटी दोन वर्षांच्या वैभवावर भागत नाही. क्रमवारी म्हणून ही अशी: मुंबईला पहिला नंबर पंधरा करंडकांसाठी नव्हे, तर १९७१ च्या त्या एका करंडकासाठी. विदर्भाला दुसरा, कारण २०१९ च्या मानाने २०२५ चा संघ जवळजवळ नवा होता आणि निकाल तोच होता. कर्नाटकाला तिसरा, शिखर उंच पण मधल्या दऱ्या खोल म्हणून. होळकरला चौथा, कारण त्याला राजाश्रयाखेरीज आधार नव्हता. ही यादी पक्की नाही, आणि ती बदलायची अटही स्पष्ट आहे. आज विदर्भाची नावे म्हणजे हर्ष दुबे, यश राठोड, दानिश मालेवार. उद्या ती भारतीय संघात जातील किंवा दुसऱ्या राज्यात. त्यांच्यानंतर वर्धा, यवतमाळ, अकोल्याची मुले येऊन संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला तर हा दुसरा नंबर वादापलीकडे जाईल. नाही पोहोचला, तर कर्नाटकाला वर सरकवावे लागेल, आणि त्यात विदर्भाने तक्रार करण्याचे कारण उरणार नाही.